'खालचा' इंग्रजीत कसा सांगाल? बोटीवर, ऑफिसात, हॉटेलात पहिल्यांदा लागणाऱ्यांसाठी

आपल्याकडची मुलं बारावी किंवा आयटीआय उरकली की साधारण तीन वाटांना लागतात. दापोली-मंडणगड-गुहागरकडची बोटीवर, बरीचशी मुंबईच्या ऑफिसात, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची गोव्याच्या हॉटेलात. तिन्हीकडे सुरुवात खालच्या पायरीवरून होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पंचाईत होते ती पायरी इंग्रजीत लिहिताना. मी ओएस (ऑर्डिनरी सीमन, डेकवरचा सगळ्यात खालचा खलाशी) म्हणून बोटीवर चढलो, एबी (एबल सीमन, त्याच्या वरचा) झालो, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणून उतरलो. आता गावातल्या मुलांचे बायोडेटा डोळ्यांखालून घालतो. चुका शब्दांच्या असतात आणि त्याच त्या असतात. मुलगा कामाला चोख असतो, पण कागद वाचणाऱ्याला वाटतं की हा स्वतःलाच हलका म्हणतोय, नाहीतर वरच्याचा अपमान करतोय.

१. आधी विचारा: खाली, पण कशात?

मराठीत 'खालचा' म्हटलं की भागतं. खालचा साहेब, खालचा माल, खालची आळी, खालचा भाव. इंग्रजीत मात्र कशात खाली ते ठरवल्याशिवाय शब्द उचलता येत नाही.

हुद्द्यात खाली असेल तर 'ज्युनियर', 'सबॉर्डिनेट' किंवा 'अंडर'. दर्जात खाली असेल तर 'इन्फिरियर', 'पुअर', 'सबस्टँडर्ड'. जागेने खाली असेल तर 'लोअर', 'बिलो', 'अंडर', 'अंडरनीथ'. आकड्याने कमी असेल तर 'लो', 'लोअर', 'बिलो', 'अंडर'.

सगळ्यात घातक शब्द 'इन्फिरियर'. शब्दकोशात त्याच्यासमोर 'कनिष्ठ' छापलेलं असतं, म्हणून मुलं बिनधास्त लिहितात: 'सुपरव्हाइज्ड इन्फिरियर स्टाफ'. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो, 'हलक्या प्रतीच्या माणसांवर देखरेख केली.' हा शब्द मालाला ठेवा. दोरखंड इन्फिरियर असू शकतो, रंग इन्फिरियर असू शकतो. माणसाच्या हुद्द्याला हा शब्द लावू नका. तिथे थेट पदच लिहा: 'सुपरव्हाइज्ड टू ऑर्डिनरी सीमेन', म्हणजे दोन ओएसवर देखरेख केली. विशेषण गेलं, माहिती वाढली.

माझा पहिला नियमच हा आहे. पदाचं नाव लिहिता येत असेल तर 'लो', 'लोअर', 'ज्युनियर' यांपैकी काहीही लिहू नका.

२. लिहायला बसताना समोर काय हवं

- पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही. सीडीसीत प्रत्येक बोटीवर तुम्ही कुठल्या पदावर होता त्याची नोंद असते. बायोडेटात तोच शब्द हवा, अक्षराला अक्षर.
- कॉन्ट्रॅक्ट किंवा नेमणुकीचं पत्र.
- एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) सर्टिफिकेटं आणि इंडोस नंबर (भारतीय खलाशांच्या नोंदणीचा क्रमांक).
- किनाऱ्यावरची नोकरी असेल तर जाहिरातीची छापील प्रत. पदाचं इंग्रजी नाव तिथून उचलायचं, मनाने भाषांतर करायचं नाही.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात प्रत्येक शब्दाचं उदाहरणाचं वाक्य असतं. नुसता इंग्रजी-मराठी शब्दकोश इथे दगा देतो. कसा, ते वर पाहिलंत.

बोटीवर असाल तर क्रू लिस्टचा एक फोटो जपून ठेवा. मास्टरपासून खालपर्यंत सगळे त्यात ओळीने असतात. त्या फॉर्मवर 'रँक ऑर रेटिंग' असा रकाना असतो. रँक अधिकाऱ्यांची, आणि बाकीचे आपण सगळे रेटिंग. इथलं 'रेटिंग' म्हणजे गुण किंवा तारे नव्हेत, तो बोटीवरच्या कामगारवर्गाचा शब्द आहे. 'व्हॉट इज युअर रेटिंग?' असं विचारलं तर 'गुड, सर' म्हणू नका. 'ओएस' म्हणा.

३. बोटीवरची उतरंड तोंडपाठ हवी

डेकवर सगळ्यात वर मास्टर, म्हणजे कॅप्टन. मग चीफ ऑफिसर, सेकंड ऑफिसर, थर्ड ऑफिसर. रेटिंगमध्ये बोसन, मग एबी, मग ओएस. इंजिनात चीफ इंजिनियर, सेकंड, थर्ड, फोर्थ. त्यांच्याखाली फिटर, मोटरमन किंवा ऑइलर, आणि वायपर. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, चीफ कूक आणि स्टुअर्ड किंवा मेसमन. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच.

आता फसायच्या जागा.

आकडा वाढला की हुद्दा उतरतो. सेकंड इंजिनियर हा थर्डच्या वर असतो आणि इंजिनरूममध्ये चीफनंतर त्याचाच शब्द चालतो. गावात मात्र 'आमचा मुलगा सेकंडचा थर्ड झाला' असं कौतुकाने सांगणारे भेटतात, आणि ऐकणारेही माना डोलावतात.

'सेकंड' म्हणजे दुय्यम दर्जाचा असंही नाही. चीफच्या लगेच खालचा, एवढंच.

कॅडेट कुठे बसतो यावर मुलं गोंधळतात. डेक कॅडेट हा उद्याचा अधिकारी आहे, पण आज शिकाऊ आहे. बोसन त्याला रंगाचा ब्रश देतो आणि तो निमूटपणे चालवतो. म्हणून कॅडेटला 'लोअर ऑफिसर' म्हणू नका, 'स्मॉल ऑफिसर' तर नकोच. 'ट्रेनी' म्हणा, 'कॅडेट' म्हणा.

फॉर्मवर कधी 'लेव्हल' असा रकाना येतो. एसटीसीडब्ल्यूने जबाबदारीच्या तीन पातळ्या केल्या आहेत. मास्टर, चीफ मेट (म्हणजे चीफ ऑफिसरच), चीफ इंजिनियर आणि सेकंड इंजिनियर हे मॅनेजमेंट लेव्हलला. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सांभाळणारे बाकीचे अधिकारी ऑपरेशनल लेव्हलला. रेटिंग सपोर्ट लेव्हलला. तुम्ही ओएस असाल तर त्या रकान्यात 'सपोर्ट' लिहायचं. 'लो लेव्हल' लिहिलेला फॉर्म मी पाहिलाय. लिहिणाऱ्याच्या मनात नम्रता होती, पण कागदावर नम्रता दिसत नाही.

एक गंमत 'क्लास फोर'ची. बोटीवरच्या इंजिनियरची परीक्षा एमईओ क्लास फोरपासून सुरू होते आणि चीफ होण्यासाठी क्लास वनपर्यंत जाते. म्हणजे क्लास फोर ही अधिकाऱ्याची पहिली पायरी. गावात 'मी क्लास फोर झालो' म्हटलंत तर लोक शिपायाची नोकरी लागली असं समजतील, कारण सरकारी नोकरीतला 'वर्ग चार' त्यांच्या डोक्यात बसलाय. पुढे 'इंजिनियर ऑफिसर' जोडा, विषय संपतो.

मच्छीमारी करून आलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर काम केलंत तर तो अनुभव लपवू नका, पण नीट लिहा. तांडेल म्हणजे 'स्किपर'. मासेमारीच्या नौकेवरच्या प्रमुखाला इंग्रजीत हाच शब्द चालतो. 'कॅप्टन' लिहिलंत की लगेच सर्टिफिकेट विचारतील. खलाशी म्हणजे 'डेकहँड'. तिथे 'लेबर' लिहून स्वतःची किंमत उतरवू नका. जाळी ओढणारा, दोर बांधणारा, वाऱ्याचा अंदाज असणारा माणूस डेकवर लवकर तयार होतो, हे भरती करणाऱ्यांनाही कळतं.

४. 'दॅन' की 'टू'?

'लोअर', 'स्मॉलर', 'यंगर' यांच्यापुढे 'दॅन' येतं. 'ज्युनियर', 'सीनियर', 'इन्फिरियर', 'सुपीरियर', 'सबॉर्डिनेट' यांच्यापुढे 'टू'. 'ही इज ज्युनियर टू मी' बरोबर, 'ज्युनियर दॅन मी' चूक. पहिले चार शब्द मुळात लॅटिनमधले तुलनेचे शब्द आहेत, म्हणून त्यांना 'मोअर'ही लागत नाही. 'मोअर ज्युनियर' म्हणजे दुहेरी कमीपणा झाला.

'ज्युनियर'चा अर्थ वयाशी बांधू नका. माझ्याहून वयाने बरेच मोठे एबी माझ्या हाताखाली होते. हुद्द्याने ते ज्युनियर, पण हाक मारताना मी त्यांना दादाच म्हणायचो. इंग्रजीत वय सांगायचं तर 'यंगर' आणि 'ओल्डर' वेगळे आहेत.

५. अंडर, बिलो, बिनीथ

एखाद्याच्या हाताखाली काम केलं असेल तर 'अंडर': 'आय वर्क्ड अंडर द बोसन.' तुमच्या हाताखाली माणसं असतील तरी 'अंडर': 'आय हॅड थ्री मेन अंडर मी.' बायोडेटात याहून सरळ लिहायचं तर 'रिपोर्टेड टू द बोसन' आणि 'लेड अ टीम ऑफ थ्री'.

'बिलो' हा उतरंडीतली जागा दाखवतो. 'ओएस इज बिलो एबी' हे तक्ता समजावताना ठीक आहे. पण समोरच्या माणसाकडे बोट दाखवून 'ही इज बिलो मी' म्हणालात तर उर्मटपणा होतो.

'बिनीथ'पासून चार हात लांब राहा. 'दिस वर्क इज बिनीथ मी' याचा अर्थ 'हे काम माझ्या लायकीचं नाही' असा होतो. टाकी साफ करायला सांगितल्यावर 'खालच्या टाकीत जायचंय' एवढंच सांगायचं असताना कुणाच्या तोंडून हे निघालं, तर चीफ ऑफिसरचा चेहरा बघण्यासारखा होईल.

'सबॉर्डिनेट' हा शब्द चूक नाही, फक्त कोरडा आहे. नियमावलीत शोभतो. 'माय सबॉर्डिनेट्स' बायोडेटात आलं की लिहिणारा शिष्ट वाटतो. 'माय टीम' किंवा 'क्रू' लिहा.

६. 'उप'चं एकच इंग्रजी नाही

ऑफिसात लागणाऱ्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या किंवा तहसील कचेरीत कागद घेऊन जाणाऱ्या सगळ्यांनी इथे जरा थांबावं. मराठीत 'उप' लावला की काम झालं. इंग्रजीत त्याच 'उप'चे किमान तीन शब्द होतात आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत.

उपजिल्हाधिकारी, उपअभियंता, उपसचिव, उपसरपंच: इथे 'डेप्युटी'.
पोलीस उपनिरीक्षक, उपविभाग: इथे 'सब'.
उपाध्यक्ष, उपप्राचार्य, उपराष्ट्रपती: इथे 'व्हाइस'.

यामागे ढोबळ तर्क आहे. साहेब नसताना जो साहेबाचं काम बघू शकतो तो बहुधा डेप्युटी. पदनामात एक पायरी खाली असेल, किंवा विभागाचा तुकडा असेल, तर सब. निवडून आलेल्या किंवा मानाच्या पदाच्या लगेच खालचा असेल तर व्हाइस. पण तर्कावर विसंबून पदनाम बनवू नका. सरकारी पदनामं ठरलेली असतात. 'सब कलेक्टर' आणि 'डेप्युटी कलेक्टर' हे दोन्ही शब्द प्रशासनात आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही.

'असिस्टंट' म्हणजे सहायक. तो सहसा डेप्युटीच्या खाली असतो. असिस्टंट कमिशनर खाली, डेप्युटी कमिशनर वर. पण महाराष्ट्र पोलिसांत बघा: असिस्टंट सब-इन्स्पेक्टर, त्याच्यावर सब-इन्स्पेक्टर, त्याच्यावर असिस्टंट इन्स्पेक्टर, मग इन्स्पेक्टर. म्हणजे एक असिस्टंट सबच्या खाली आणि दुसरा सबच्या वर. 'असिस्टंट' कुणाचा, हे वाचल्याशिवाय पायरी कळत नाही. एपीआय (असिस्टंट इन्स्पेक्टर) साहेबांना पत्रात पीएसआय (सब-इन्स्पेक्टर) लिहिलंत तर ते बोलणार नाहीत कदाचित, पण काम रेंगाळलं तर कारण तुम्हाला ठाऊक असेल.

मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याच्या वर अवर सचिव, म्हणजे 'अंडर सेक्रेटरी'. मग उपसचिव 'डेप्युटी', मग सहसचिव 'जॉइंट'. 'अंडर' असला तरी अंडर सेक्रेटरी हा राजपत्रित अधिकारी आहे. अर्ज करताना त्यांना 'सेक्रेटरीज असिस्टंट' करू नका.

कोकण कृषी विद्यापीठात, म्हणजे आपल्या दापोलीला, अर्ज करणाऱ्यांनी दोन जोड्या लक्षात ठेवाव्यात. सहायक प्राध्यापक 'असिस्टंट प्रोफेसर', सहयोगी प्राध्यापक 'असोसिएट प्रोफेसर', आणि असोसिएट वरचा. दुसरं, कुलगुरू म्हणजे 'व्हाइस चान्सलर'. नावात 'व्हाइस' आहे म्हणून ते दुय्यम नाहीत. विद्यापीठाचा कारभार तेच चालवतात. चान्सलर म्हणजे कुलपती, आणि ते राज्यपाल असतात. कुलगुरूंना मानाने वर चढवायला म्हणून 'चान्सलर' लिहिलंत तर पत्र चुकीच्या माणसाच्या नावावर जातं.

७. नौदलात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

मर्चंट नेव्हीचे शब्द भारतीय नौदलात चालत नाहीत. तिथे सीमन, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ पेटी ऑफिसर अशी चढण आहे. 'पेटी'चा कोशातला अर्थ 'क्षुल्लक' आहे, तो इथे लागू नाही. पेटी ऑफिसर हा अनुभवी, खांद्यावर जबाबदारी असलेला माणूस असतो. अधिकाऱ्यांत सब-लेफ्टनंट लेफ्टनंटच्या खाली, रिअर अ‍ॅडमिरल व्हाइस अ‍ॅडमिरलच्या खाली, आणि व्हाइस अ‍ॅडमिरल अ‍ॅडमिरलच्या खाली. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गात नौदल दिन झाला, तेव्हा पंतप्रधानांनी हुद्द्यांना भारतीय परंपरेनुसार नावं देण्याची घोषणा केली होती. त्यामुळे अर्जाच्या वेळी ताज्या जाहिरातीतलं नावच वापरा.

८. गोव्याच्या हॉटेलात

किचनमध्ये शब्द फ्रेंच आहेत. सगळ्यात खाली कॉमी थ्री, मग कॉमी टू, कॉमी वन, डेमी शेफ द पार्टी, शेफ द पार्टी, मग सू शेफ. इथेही आकडा उतरला की माणूस चढला. 'सू' म्हणजे फ्रेंचमध्ये 'खाली', पण सू शेफ किचनमधला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस असतो. त्याला 'हेल्पर शेफ' म्हणून बघा एकदा. किंवा नका बघू.

९. हे शब्द कागदावर येऊच देऊ नका

'डिग्रेड': 'आय वॉज डिग्रेडेड टू ओएस' म्हणजे 'मला अपमानित केलं'. हुद्दा खाली आणला तर शब्द 'डिमोट'. तिकीट किंवा वस्तूची श्रेणी उतरवली तर 'डाउनग्रेड'. आणि बऱ्याचदा डिमोटही नसतं. एबीची जागा नव्हती म्हणून एबीचं सर्टिफिकेट असलेला मुलगा ओएस म्हणून जातो. तिथे 'सर्व्ह्ड अ‍ॅज ओएस, होल्डिंग एबी सर्टिफिकेट' एवढं पुरे.

'लोअर क्लास एम्प्लॉयी': वर्ग चारचं हे भाषांतर कुणाच्याही बाबतीत करू नका. 'ग्रुप डी' म्हणा, सरकारही गट ड म्हणतं.

'लोअर कोर्ट': सवयीने सगळे म्हणतात. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच रजिस्ट्रीला सांगितलं की खटला चालवणाऱ्या न्यायालयांना 'लोअर कोर्ट' म्हणणं थांबवा, 'ट्रायल कोर्ट' म्हणा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांचं पदनाम 'सिव्हिल जज, ज्युनियर डिव्हिजन' असं आहे. तिथे 'ज्युनियर' स्तराला लागतो.

'चीप सॅलरी': पगार चीप नसतो, लो असतो. मागच्या कंपनीतला पगार कमी होता हे मुलाखतीत सांगायची वेळ आलीच तर 'द सॅलरी वॉज लोअर' म्हणा आणि पुढे सरका.

१०. जागेचं 'खाली'

इथे फार अडत नाही, पण तीन-चार गोष्टी आहेत. कोकण रेल्वेत आईबाबांसाठी मागायचा तो 'लोअर बर्थ', 'डाउन बर्थ' नव्हे. ओहोटी म्हणजे 'लो टाइड'. बोटीवर खाली जायचं तर 'गो बिलो'. गँगवे (बोटीवर चढायची शिडी) किंवा लाइफबोट खाली सोडायची तर 'लोअर'. तिथे तो हुकूम असतो: 'लोअर द लाइफबोट.' कुणाचा हुद्दा उतरवला जात नाही.

एक वाक्य मात्र जिवाशी खेळणारं आहे: 'नॉट अंडर कमांड'. नवीन मुलांना वाटतं, बोटीवर कॅप्टनच नाही. तसं नाही. काही विलक्षण बिघाडामुळे जी बोट नियमाप्रमाणे वळू-वावरू शकत नाही, तिला हा शब्द आहे. रात्री दोन लाल दिवे एकाखाली एक, दिवसा दोन काळे गोळे एकाखाली एक. कॅप्टन जागेवर असतो, पण बोट त्याच्या हातात नसते. लुकआउटला उभे असताना हे दिसलं की अर्थ लावत बसू नका, वॉचवरच्या अधिकाऱ्याला लगेच सांगा.

११. मुलाखतीत

'तुमचं पद काय होतं?' याला उत्तर तीन तुकड्यांत द्या: पद, कुणाला रिपोर्ट करायचात, हाताखाली कोण होतं. 'आय वॉज अ‍ॅन एबी. आय रिपोर्टेड टू द बोसन. टू ओएस वर्क्ड विथ मी.' हाताखाली कुणी नसेल तर तिसरा तुकडा गाळा. 'नोबडी वॉज बिलो मी' असलं काही जोडायची गरज नाही. 'ओन्ली ओएस', 'जस्ट अ वायपर' यातला 'ओन्ली' आणि 'जस्ट' घरी ठेवून जा.

नोकरी मिळाली की सही करायच्या आधी पत्रातलं पद आणि बोलण्यातलं पद एकच आहे ना ते बघा. एजंटाने तोंडी एबी सांगितलं आणि कागदावर ओएस छापलं असेल तर 'प्लीज कन्फर्म माय रेटिंग इन रायटिंग' असं लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत सही थांबवा. बोटीवर पोचल्यावर पगार कागदावरच्या पदाचाच मिळतो.

पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न एकच: 'हूम डू आय रिपोर्ट टू?' उत्तरात आलेलं नाव आणि पद वहीत लिहून घ्या, स्पेलिंगसकट.